बर्फाच्या कप्प्यातले रोल

रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीमागे उभी हयात काढलेल्या बाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मुदत संपली की माल मेला. मग गोळी कितीही महागाची असो, वेष्टन कितीही कोरं असो, ती टाकाऊच्या पेटीत जायची. एखादा म्हातारा गयावया करायचा, "अहो बाई, परवाच तर संपलीय तारीख. द्या की अर्ध्या किमतीत." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, "आजोबा, परवा संपली काय नि गेल्या वर्षी संपली काय. मेलेल्याला वय नसतं."

त्यामुळे नवरा गेल्यावर फ्रीझरमधल्या रोलचं काय करायचं, यावर बाईंनी फार डोकं खाजवलं नाही.

नवरा एका दैनिकात फोटोग्राफर होता. कचेरीत त्याला सगळे 'उजेड' म्हणत, कारण फोटो बिघडला की तो हटकून उजेडावर खापर फोडायचा. त्याचा जिवलग दोस्त एका छोट्या स्टुडिओचा मालक होता. त्याचा अर्धा जन्म स्टुडिओमागच्या डार्करूममध्ये गेलेला, म्हणून तो 'अंधाऱ्या'. बाई त्याला भाऊजी म्हणायच्या. उजेडने फोटो काढायचे आणि भाऊजींनी धुवून छापायचे, हा रिवाज दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासूनचा. पुढे कचेरीत डिजिटल कॅमेरे आले, तरी उजेडचं स्वतःचं, मनासारखं काम ब्लॅक अँड व्हाइट रोलवरच चालायचं. तोही एकाच कंपनीचा, चारशे स्पीडचा. एकवेळ बायकोच्या हातची आमटी बदलली तर चालेल, रोल बदललेला चालायचा नाही.

मग एके वर्षी कंपनीने तोच रोल बंद केल्याची बातमी आली. आणि दोघा मित्रांना रोज संध्याकाळी फोनवर एकच विषय पुरायला लागला.

"पुलाजवळचा दुकानदार काय म्हणतो?"

"चारशे साठ. गेल्या महिन्यात तीनशे नव्वद होता."

"लूट आहे ही. गल्लीतला चारशे तीस सांगतो, पण माल आठवड्याने."

"आठवड्याने म्हणजे कधीच नाही, लिहून ठेव."

बाई भाजी चिरता चिरता हे ऐकायच्या. "मी जुडीमागे घासाघीस केली की मला नावं ठेवता," त्या म्हणायच्या, "आणि तुम्ही दोघं काय करताय? फरक एवढाच, की माझी जुडी रात्री ताटात तरी पडते."

उजेडचे रोल ताटात पडत नव्हते, ते फ्रीझरमध्ये पडत होते. थंडीत ठेवले की टिकतात, असं तो सांगायचा. आधी बर्फाचे ट्रे बाहेर आले, मग मटार आले. पाहुण्यांसाठी आणलेल्या आइस्क्रीमचं एकदा अक्षरशः पाणी झालं, तेव्हा बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. दहा-दहा रोलचं एकेक पुडकं, प्रत्येकावर आणल्याची तारीख निळ्या पेनाने लिहिलेली, अशी विटांसारखी भिंत त्या कप्प्यात उभी राहिली. त्यातले काही त्याने वापरले. त्याच वर्षी बंद पडणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांचे फोटो त्याने काढले. त्यांचं पुस्तक निघालं, पारितोषिक मिळालं, आणि त्यातला एक फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लागला. यंत्राला टेकून उभी असलेली, हात पुसणारी एक बाई. घरी येणारा प्रत्येक जण त्या फोटोपुढे थांबायचा.

उजेड गेला तो हिवाळ्यात. छातीत कळ आली म्हणाला आणि रुग्णालयात पोचायच्या आत संपला. बाईंच्याच रुग्णालयात. खिडकीवरच्या मुलींनी त्या दिवशी बाईंना धरून घरी आणलं.

पहिले काही दिवस माणसांची रीघ होती. मग ज्याचा तो आपल्या कामाला लागला. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता, तोही परत गेला. येत राहिले ते भाऊजी. दर रविवारी सकाळी यायचे, खुर्ची ओढून बसायचे, चहा घ्यायचे आणि उजेडच्या गोष्टी काढायचे. दंगलीत कॅमेरा वाचवायला तो गटारात कसा झोपला, मंत्र्याने जांभई देताना त्याने बटण कसं दाबलं. बाईंनी त्या शंभरदा ऐकल्या होत्या. तरी त्या पुन्हा ऐकायच्या, कारण तेवढा वेळ उजेड घरात असल्यासारखा वाटायचा.

अशाच एका रविवारी बाईंनी फ्रीझरचा विषय काढला. "भाऊजी, ते रोल घेऊन जा बाई एकदाचे. मला काय उपयोग त्यांचा?"

भाऊजी उठून स्वयंपाकघरात आले. फ्रीझरचं दार उघडून त्यांनी एक पुडकं बाहेर काढलं आणि अंगठ्याने त्यावरचा बर्फ पुसला. मग दुसरं काढलं, मग तिसरं. बराच वेळ ते वाचत उभे होते. उघड्या दारातून गार वाफ त्यांच्या शर्टावर येत होती.

"दार लावा, वीज जळतेय," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी दार लावलं. "मुदत उलटलीय, वहिनी," ते म्हणाले. "सगळ्यांचीच. कधीची."

"हो का? मग टाकून देऊ?"

"टाकू नका. मी नेतो. स्टुडिओत शिकायला येतात त्यांना हात साफ करायला होतील. पण बाजारात याला कुणी हिंग लावून विचारणार नाही."

भाऊजी दोन पिशव्या भरून घेऊन गेले. जाताना त्यांनी साखरेच्या डब्याखाली एक पाकीट सरकवलं. बाईंनी हात जोडून नको म्हटलं, तरी ठेवलंच. आत दोन हजार होते. मेलेल्या मालाचे दोन हजार! बाईंना भरून आलं. असा माणूस शोधून सापडणार नाही, असं त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. संध्याकाळी त्यांनी बर्फाचा ट्रे भरून ठेवला.

पुढे चारेक महिन्यांनी पुलाजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानातून फोन आला. उजेडने दुरुस्तीला टाकलेला कॅमेरा तिथेच पडून होता. "मावशी, घेऊन जाता का? जागा अडतेय."

बाई सुट्टीच्या दिवशी गेल्या. दुकानदार मागे कॅमेरा शोधायला गेला, तोवर त्या काचेच्या कपाटापुढे उभ्या राहिल्या. वरच्या फळीवर एक पुडकं होतं, आणि त्यावर निळ्या पेनाने तारीख लिहिलेली होती. सात आकड्याला मधे आडवी रेघ. असा सात उजेडशिवाय कुणी काढत नसे. इस्त्रीवाल्याच्या हिशेबातसुद्धा तो तसाच काढायचा.

 बाईंचं आयुष्य गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलं होतं, त्यामुळे आवाज हलला नाही.

दुकानदार बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "हा रोल केवढ्याला?"

"हा होय? अकराशे पन्नास."

"पुडकं?"

"एक रोल, मावशी. पुडकं घ्यायला कुणाची ऐपत आहे?"

"पण याची तर मुदत उलटलीय."

दुकानदार हसला. "फोटोच्या रोलचं औषधासारखं नसतं. गोठवून ठेवलेला असला की चालतो, थोडा इकडेतिकडे. हा तर बंद झालेला माल. हल्लीची पोरं परत रोलकडे वळलीत ना, वेड्यासारखी मागतात. दुसऱ्या कंपनीचा नवा रोल सातशे ऐंशीला देतो मी, पण असेल तर! तीन महिन्यांनी खोकं येतं आणि दोन दिवसांत फडशा. हा माल एक स्टुडिओवाले आणून देतात, थोडा थोडा. फार हुशार माणूस. एकदम आणत नाही, भाव पाडत नाही."

बाईंनी कॅमेरा घेतला, दुरुस्तीचे पैसे दिले आणि त्या बाहेर आल्या. घरी जाणारी बस समोरच उभी होती. त्या चढल्या नाहीत. त्यांचं मन अजून म्हणत होतं, हा एक दुकानदार काय सांगतो त्यावर जाऊ नये. औषधाचाही भाव चौघांकडे विचारल्याशिवाय खरा कळत नाही.

म्हणून त्या मोठ्या, सरकत्या जिन्यांच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलीने आधी त्यांना फोनमधला फोटो काळापांढरा कसा करायचा ते दाखवलं. बाईंनी रोलच हवा म्हटल्यावर तिने संगणकात पाहिलं. "आठशे नव्वद. पैसे आधी भरायचे. दीड महिना लागेल. जास्तही लागू शकतो."

"आणि चारशे स्पीडचा तो जुना, बंद झालेला?"

"तो कुठून असणार, आजी?"

आजी म्हटल्याचा राग गिळून बाई बाजारामागच्या गल्लीत गेल्या. त्या दुकानात धुळीशिवाय काही भरलेलं दिसत नव्हतं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी उलटं विचारलं, "माझ्याकडे असे काही रोल असले, तर काय द्याल?"

"गोठवलेले?"

"पहिल्यापासून."

"सातशे. रोख. आत्ता." म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. "आहेत का?"

"नाहीत," बाई म्हणाल्या. "होते."

बसमध्ये बसल्यावर त्यांनी हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती. दोन पिशव्या भरून माल गेला होता आणि दोन हजारांत त्याचे तीन रोलसुद्धा आले नसते. पण पैशांहून जास्त त्यांना दुसरंच झोंबत होतं. उभा जन्म मुदतीच्या तारखा वाचण्यात गेलेल्या बाईला एका माणसाने मुदतीच्याच नावाने गंडवलं होतं. आणि वर आपण त्याचे उपकार मानले होते!

रविवारी भाऊजी नेहमीसारखे आले. बाईंनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच राहून विचारलं, "त्या रोलचं काय झालं हो?"

"कुठले? ते होय. पोरांनी वाटोळं केलं. निम्मे तर उजेडातच उघडले गाढवांनी."

बाईंनी चहात साखर घातली नाही. भाऊजींनी एक घोट घेतला, क्षणभर थांबले आणि काही न बोलता सगळा कप संपवला. मग त्यांनी मंत्र्याच्या जांभईची गोष्ट सुरू केली.

बाईंना तेव्हाच बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. एवढं माणूस तोडलं की रविवार कसा जाणार, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःचीच चीड आली. पुढचे काही रविवार असेच गेले. भाऊजी गोष्टी सांगत होते आणि बाई त्या ऐकत होत्या, पण आता उजेड त्या गोष्टींतून घरात येत नव्हता. समोर दिसत होता तो फक्त सांगणारा, बिनसाखरेचा चहा निमूट पिणारा.

मग एके दिवशी भाऊजी नवा चष्मा लावून आले.

"नवा वाटतं," बाई म्हणाल्या.

"हो, जुन्याची काडी तुटली. म्हटलं, आता घेऊनच टाकू."

"केवढ्याला?"

"साडेतीन हजार. लुटतात हो."

"म्हणजे तीन रोल," बाई म्हणाल्या.

भाऊजींचा कप ओठांशी थांबला. त्यांनी तो हळूच बशीत ठेवला. "कसले रोल, वहिनी?"

"पुलाजवळ अकराशे पन्नास. मोठ्या दुकानात नवा आठशे नव्वद, तोही दीड महिन्याने. गल्लीतला म्हातारा मुदत उलटलेल्याचे सातशे देतो, हातात. तुम्ही मला सगळ्यांचे मिळून दोन हजार दिलेत, साखरेच्या डब्याखाली ठेवून. आणि मी वेडी, मुलाला फोन करून तुमचे गोडवे गायले." बाईंचा आवाज आता हलायला लागला होता. "मागितले असते तर मी फुकट दिले असते, भाऊजी. सगळे. पण हा केसाने गळा कापलात."

 भाऊजींनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"त्या दिवशी मी फ्रीज उघडून तारखा वाचत होतो, आठवतंय?"

"आठवतंय."

"कंपनीने छापलेल्या वाचत नव्हतो. त्याने पेनाने लिहिलेल्या वाचत होतो. त्या सगळ्या एकाच महिन्यातल्या होत्या."

बाईंना समजलं नाही.

"कारखान्याचं काम आधी मला आलं होतं, वहिनी. कामगारांची संघटना माझ्याकडे आली होती. जन्मभर लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढले नि उजेडचे धुतले. पहिल्यांदाच माझं नाव असलेलं पुस्तक निघणार होतं. त्याच महिन्यात मी रोल शोधत होतो. रोज संध्याकाळी त्याला फोन करायचो, कुठे आहे का, केवढ्याला आहे. तोवर मी भाव बघायचा सोडला होता, कितीही द्यायला तयार होतो. तो रोज सांगायचा, कुठेच नाही. पुलाजवळ नाही, गल्लीत नाही. मी गाडी करून दोन शहरं पालथी घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना? कळसा तुमच्या फ्रीजमध्ये होता. वळसे मी घालत होतो."

"दुसरा रोल चालला नसता का?"

"चालला असता कदाचित. पण त्या वर्षी दुसराही नीट मिळत नव्हता. आणि माझा हात ह्याच्यावर बसलेला. कारखान्यातल्या त्या अंधारात दुसरा कसा वागेल याची मला खात्री नव्हती. मी घाबरलो. मग मीच संघटनेला सांगितलं, उजेडला द्या, त्याच्याकडे असतील एकदोन. त्याने काम केलं. रोल कुठून आले विचारलं, तर म्हणाला, लांबच्या एका मित्राने पाठवले. मी मानलं. का नाही मानणार?" भाऊजींनी भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली. "हा फोटोही मीच छापलाय. रात्रभर बसून. तिच्या हातावरचं तेल नीट दिसावं म्हणून किती कागद फुकट घालवले."

बाईंच्या डोळ्यांपुढे त्या वर्षीची एक संध्याकाळ उभी राहिली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुडक्यांचा ढीग, त्या स्वतः फ्रीझरमधून मटार काढून जागा करत होत्या, आणि टेबलाशी उभा उजेड फोनवर म्हणत होता, "नाही रे बाबा, सगळीकडे ठणठणाट. शेवटचा दुकानदारही कानावर हात ठेवतोय." बाईंनी चमकून पाहिलं, तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवून डोळा मारला होता. आणि बाई हसल्या होत्या. पुरुषांचे खेळ, असं वाटलं होतं त्यांना. दोन पोरं गोट्या लपवतात तसे.

"हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं," शेवटी बाई म्हणाल्या.

"नुकताच गेला होता तो. तुमच्याकडे बघून तोंड उघडेना. मग म्हटलं, न्यावेत उचलून. पहिला रोल विकला ना, तेव्हा फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पैशाचं नाही, पण फार बरं वाटलं."

"त्यांनी केलं, तर त्यांच्याशी भांडायचं होतं."

"मेलेल्याशी कसं भांडणार?"

"म्हणून माझ्याशी?"

 भाऊजींनी उलट विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का, वहिनी?"

"नाही," बाई म्हणाल्या. जरा लवकरच म्हणाल्या.

"बरं झालं," भाऊजी म्हणाले. "निदान तुम्हाला तरी नव्हतं."

ते ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो राग कुणावर होता, हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं. "आणि दर रविवारी येऊन ज्या गोष्टी सांगत होतात, त्या? चहा प्यायचा, त्यांचं नाव घ्यायचं, आणि सोमवारी त्यांचाच रोल विकायचा?"

"गोष्टी खऱ्या होत्या," भाऊजी म्हणाले. "तो माझा मित्र होता."

"मेली म्हैस मणभर दूध," बाई म्हणाल्या. "उठा, भाऊजी."

भाऊजी उठले. दारात चपला घालताना त्यांचा हात भिंतीवर टेकला होता, तो काढायला त्यांना जरा वेळ लागला. बाईंनी आधार दिला नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत उरलेले रोल होते, निम्म्याहून बरेच कमी, ओलसर टॉवेलात गुंडाळलेले. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. बाईंनी ते परत फ्रीझरमध्ये टाकले, आणि रात्री बर्फ काढायला दार उघडलं तर सात आकड्याच्या त्या आडव्या रेघा पुन्हा समोर! सकाळी उठून त्यांनी रजा टाकली.

गल्लीतल्या म्हाताऱ्याने सातशे म्हटलं. बाई तिथून पुलाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, गल्लीत साडेआठशे देतात. दुकानदार आठशेवर आला. बाई पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या, तेव्हा आठशे तीस झाले. इतकी चोख घासाघीस त्यांनी आयुष्यात केली नव्हती. दुकानदाराने पुडकी उलटसुलट पाहिली, नखाने कड तपासली आणि पैसे मोजून दिले. "मावशी, तुम्ही या धंद्यात पाहिजे होतात," तो म्हणाला. "आणि ते स्टुडिओवाले, रोलमागे हजार घ्यायचे माझ्याकडून, हल्ली दिसत नाहीत. बरे आहेत ना?"

"मला काय ठाऊक," बाई म्हणाल्या.

पैसे बँकेत गेले. फ्रीझरमध्ये मटार आले. मुलाने फोनवर विचारलं, रविवारी भाऊजी येतात ना, तर बाईंनी विषय बदलून त्याच्या सर्दीची चौकशी केली. त्याला सांगायचं तर वडिलांचंही सांगावं लागलं असतं, आणि वडिलांचं सांगायचं तर आपलं ते हसणंही.

खरं नुकसान हळूहळू कळायला लागलं. उजेडची आठवण आली की आधी तो हसरा, उमदा माणूस यायचा, ज्याच्याशी त्यांनी संसार केला होता. मग लगेच त्याचं बोट ओठांवर जायचं. गटारात झोपलेला उजेड असो नाही तर मंत्र्यासमोरचा, प्रत्येकाच्या ओठांवर तेच बोट. ती यंत्राला टेकलेली बाईही आता भिंतीवर नुसती हात पुसत उभी होती. फोटो काढून ठेवावा, असं बाईंना दोनदा वाटलं. पण मागे भिंतीचा रंग वेगळा निघाला असता आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं असतं. तो तसाच राहिला.

उन्हाळा सरत आला होता, तेव्हा एके दुपारी बाई कामावरून सुटून बसथांब्यावर आल्या. बाकावर भाऊजी बसले होते. खूप वाळले होते. चष्मा तोच, पण चेहऱ्यावर सैल झालेला. बाईंना मागे फिरता आलं असतं, पण भाऊजींनी त्यांना पाहिलं होतं. ते थोडे सरकले. बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, मधे पर्स ठेवून.

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. 

"विकलेत?" भाऊजींनी विचारलं.

"विकले."

"कुणाला?"

"पुलाजवळच्याला."

"केवढ्याला घेतले त्याने?"

"आठशे तीस."

भाऊजींनी मान हलवली.  मग ते म्हणाले, "मला हजार द्यायचा."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

बाईंची बस आली, तशा त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि चढल्या. थांब्याच्या बाजूची, खिडकीजवळची जागा रिकामी होती. त्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या.